लोणारचा दैत्य आणि आकाशातून आलेला दगड



अलीकडे एक विचार घरोघरी पोहोचला आहे. पुराणांतल्या कथा म्हणजे प्राचीन काळी घडलेल्या आकाशीय संकटांच्या नोंदीच होत, असे टीव्हीवरचे कार्यक्रम सांगतात आणि मोबाईलवर येणारे व्हिडिओ तर शपथेवर सांगतात. धूमकेतू पृथ्वीजवळून गेला, लोकांनी त्याला असुर म्हटले. उल्का कोसळली, तिला अस्त्र म्हटले. आपल्या असीरगडावरचा अश्वत्थामाही यातून सुटलेला नाही. त्याचे ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब आणि लोणारचे सरोवर म्हणजे त्या बॉम्बने पडलेला खड्डा, असे आपल्या नववी-दहावीतली मुले मला येऊन सांगतात. "सर, म्हणजे पुराणात होते ते विज्ञानाने सिद्ध झाले ना?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. दुसरीकडे काही पालक म्हणतात, या सगळ्या भाकडकथा आहेत, शाळेने मुलांचा वेळ त्यात घालवू नये.

"सिद्ध झाले" म्हणणे सोपे आहे आणि "भाकडकथा" म्हणणेही तितकेच सोपे. दोन्ही उत्तरांत कथा नीट ऐकण्याचे कष्ट कोणी घेत नाही. सुदैवाने हा विषय तपासून पाहण्यासाठी जगातली एक उत्तम जागा आपल्या शेजारीच आहे. आपल्या बुरहानपूर जिल्ह्याची दक्षिणेकडची सीमा ज्या बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोणार आहे. आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक त्या भागात आहे, त्यामुळे लवणासुराची गोष्ट काहींनी आजीकडून ऐकलीही असेल. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

लवणासुर नावाचा दैत्य जमिनीच्या पोटात, एका मोठ्या विवरात लपून राहत असे. विवरावर प्रचंड झाकण होते. तो बाहेर येऊन लोकांना छळी आणि परत आत जाऊन झोपे. त्याला शोधावे कुठे हे देवांना कळेना. तेव्हा विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले. दैत्याच्या बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि त्यांनी भावाच्या लपण्याची जागा सांगून टाकली. विष्णूने पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवले, झोपलेला दैत्य सापडला आणि मारला गेला. उडालेले झाकण बऱ्याच कोसांवर नैर्ऋत्येला जाऊन पडले, तिथे आजही एक टेकडी आहे. दैत्याचे विवर म्हणजे सरोवर. त्याचे रक्त म्हणजे त्यातले पाणी, म्हणून ते खारट. दैत्याला मारणारा तो दैत्यसूदन. त्याच्या नावाचे चालुक्य शैलीतले सुंदर कोरीव मंदिर लोणार गावात उभे आहे.

(रामायणातही एक लवणासुर आहे. त्याला मथुरेजवळ मधुवनात शत्रुघ्नाने मारले. नाव एक असले तरी ती कथा वेगळी. परीक्षेत दोघांची सरमिसळ करू नये!)

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. लोणारचा खड्डा जवळजवळ वाटोळा आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच उचललेला आहे. हा खड्डा ज्या काळ्या दगडात आहे तोच बेसॉल्ट आपल्याकडे असीरगडाखाली आहे आणि तापीच्या पात्रातही आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर वाहत आला आणि थिजला, त्यातून हे दख्खनचे पठार बनले. म्हणून सुरुवातीला विद्वानांना वाटले की लोणार हे विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड असावे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, त्यानंतर सारे एकोणिसावे शतक हाच तर्क चालला. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने लोणारचे ॲरिझोनातल्या प्रसिद्ध खड्ड्याशी साम्य दाखवले. पण गंमत अशी की ॲरिझोनाचा खड्डाही जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने पडला, असेच त्याचे मत होते. आज आपल्याला माहीत आहे की दोन्ही खड्डे आकाशातून आलेल्या आघाताने पडले.

हे कसे कळले? १९७० च्या सुमारास सरोवराच्या तळाला भोके पाडून आतला दगड वर काढण्यात आला. त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. फेल्डस्पार हे बेसॉल्टमधले एक खनिज. त्यावर क्षणार्धात अतिप्रचंड दाबाचा धक्का बसला तर त्याची रचना मोडते आणि ते न वितळताच काचेसारखे होते. कोणताही ज्वालामुखी एवढा दाब देऊ शकत नाही. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन वैज्ञानिकांनी मिळून हा पुरावा 'सायन्स' या नियतकालिकात मांडला आणि वाद मिटला. पुढे खड्ड्याभोवतीच्या मातीत काचेचे बारीक गोळे सापडले. त्यांत निकेल, क्रोमियम यांसारखी द्रव्ये भोवतालच्या बेसॉल्टपेक्षा अधिक निघाली. ती आदळलेल्या पाहुण्याची खूण. बेसॉल्टमध्ये पडलेले आणि इतके चांगले टिकलेले असे विवर पृथ्वीवर दुसरे नाही. चंद्रावरची विवरेही बऱ्याच ठिकाणी बेसॉल्टमध्येच आहेत, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार फार मोलाचे वाटते.

आकाशातून पडलेल्या दगडाला आम्ही हिंदी माध्यमात उल्कापिंड म्हणत शिकलो, मराठीत त्याला अशनी म्हणतात. संस्कृतात 'अशनि' म्हणजे इंद्राचे वज्र. आकाशातून काहीतरी जोराने येऊन आदळते हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, एवढे या एका शब्दावरून म्हणता येते.

इथपर्यंत आले की व्हिडिओवाले टाळी वाजवतात. दैत्य म्हणजे अशनी, दैत्याचा वध म्हणजे आघात, झाले सिद्ध! पण आता कथा पुन्हा सावकाश वाचा. या कथेत आकाशातून काय पडते?

काहीही पडत नाही. दैत्य जमिनीखाली आहे. झाकण वर उडते. ना आगीचा लोळ, ना कडकडाट, ना जळालेले रान. जे काही घडते ते खालून वर. अशनी आदळताना कोणी पाहिला असता तर त्याच्या गोष्टीत सर्वात आधी आभाळ आले असते. लोणारच्या कथेत आभाळच नाही. खरे तर ही कथा अशनीपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या ज्वालामुखीवाल्या विद्वानांच्या अधिक जवळ आहे. त्यांनीही खड्डा पाहिला आणि जोर खालून आला असे मानले. डोळ्यांनी जे दिसते त्यावरून सर्वप्रथम हेच मनात येते.

आता काळाचा हिशेब करू. लोणारचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे धरत असत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले, त्यात ४७ हजार वर्षांचा फरक इकडे-तिकडे होऊ शकतो. आपली मनुष्यजात सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे हा आकडा धरला तर आपल्यासारखा माणूस तेव्हा जन्मालाही आला नव्हता. जुना ५२ हजारांचा आकडा धरला तरी एवढी वर्षे तोंडोतोंडी गोष्ट टिकल्याचे एकही भक्कम उदाहरण जगात नाही. आणि अश्वत्थाम्याला हाताशी धरून ५ लाख वर्षांपूर्वीचे महाभारत मांडायला तर व्हिडिओवालेसुद्धा धजणार नाहीत.

मग गोष्टी अशा घटना कधीच लक्षात ठेवत नाहीत का? ठेवतात, आणि त्या कशा ओळखायच्या हेच आज शिकायचे आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात क्रेटर लेक नावाचे खोल सरोवर आहे. तिथले मूळ रहिवासी क्लॅमथ लोक सांगत की इथे पूर्वी उंच पर्वत होता. पाताळाचा देव आणि आकाशाचा देव यांचे युद्ध झाले, तप्त दगड उडाले, राख पडली आणि पर्वत आत कोसळला. भूवैज्ञानिकांनी तपासले तेव्हा तिथे खरोखरच एक मोठा ज्वालामुखी पर्वत होता आणि सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तो फुटून आत बसला असे निघाले. शिवाय त्याच राज्यातल्या एका गुहेत, त्या राखेच्या थराखाली, माणसांनी विणलेल्या चपला सापडल्या आहेत. म्हणजे पाहणारा माणूस तिथे होता. शांत निळे सरोवर पाहून कोणाला कळणार की इथे डोंगर होता? ते आधी पाहिलेल्यालाच सांगता येते.

म्हणून माझ्या मते अशा प्रत्येक दाव्याला विचारायचा खरा प्रश्न हा: नुसती जागा पाहून कळणार नाही, असे काही या कथेत आहे का? क्लॅमथांच्या कथेत आहे. लोणारच्या कथेत काय आहे? वाटोळा खड्डा, तो दिसतो. खारट पाणी, ते चाखता येते. दैत्याचे नावच मुळी लवण, म्हणजे मीठ. दूरची टेकडी, तीही दिसते. सारे काही काठावर उभे राहून सुचण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, समजा कथेत आकाशातून पडल्याचे सांगितले असते, तर? तरीही थांबावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात त्नोराला नावाची वर्तुळाकार डोंगररांग आहे. तिथले पश्चिम अरेर्न्ते लोक सांगतात की आकाशगंगेत तारका-स्त्रिया नाचत होत्या. एकीने आपले बाळ लाकडी पाळण्यात ठेवले, पाळणा कलंडला आणि बाळासह पृथ्वीवर आदळला, त्यातून हे कडे उभे राहिले. आणि ती जागा खरोखरच आकाशातून झालेल्या आघाताची निघाली! पण तो आघात सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते, गोष्ट सांगणारे कोणी नव्हते. जुळले म्हणून ती आठवण ठरत नाही. रात्री स्वच्छ आकाशातून तारे तुटताना पाहणाऱ्या, जागेकडे बारकाईने बघणाऱ्या लोकांनी केलेला तो सुंदर तर्क होता, आणि तो बरोबर आला.

प्रत्यक्ष पाहणारा कसे सांगतो याचा नमुना आपल्याच इतिहासात आहे. एप्रिल १६२१ मध्ये जालंधरजवळच्या एका गावी सकाळी मोठा आवाज करीत आकाशातून प्रकाशासह काहीतरी पडले. तिथल्या अंमलदाराने जागा खणवली, आत तापलेला लोखंडाचा गोळा मिळाला, तो त्याने बादशहा जहांगीरकडे पाठवला. जहांगीरने त्याचे वजन करवले, ते १६० तोळे भरले. मग त्यात साधे लोखंड मिसळून त्याच्या तलवारी, खंजीर आणि सुरी घडवून घेतली आणि हे सगळे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. त्याच वर्षी त्याचा मुलगा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, दख्खनच्या मोहिमेसाठी आपल्या बुरहानपुरात मुक्कामाला होता. जहांगीरच्या नोंदीत दिवस आहे, जागा आहे, आवाज आहे, वजन आहे. युरोपातल्या विद्वानांनी तर १८०३ सालापर्यंत आकाशातून दगड पडतात हेच मनापासून मान्य केले नव्हते. फ्रान्समध्ये लेगल गावाजवळ दगडांचा पाऊस पडला, तेव्हा कुठे शेतकऱ्यांची साक्ष खरी धरली गेली. खेड्यातल्या माणसाचे म्हणणे उडवून लावू नये, ते असे.

३० जून १९०८ ला सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आकाशात महाभयंकर स्फोट झाला, सुमारे २,००० चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले. १९२७ साली शास्त्रज्ञ कुलिक तिथे पोहोचला तेव्हा तिथले एवेंकी लोक ओगदी देवाच्या कोपाविषयी सांगत होते. वीस वर्षांच्या आत कथा तयार होती! पण त्या कथेत आग आहे, गर्जना आहे, पडलेली झाडे आहेत. लोणारच्या कथेशेजारी ती ठेवून बघा, फरक लगेच दिसतो.

या विषयातले सर्वात गाजलेले नाव म्हणजे इमॅन्युएल वेलिकोव्स्की. १९५० साली त्याने एक पुस्तक लिहिले. शुक्र हा ग्रह गुरूतून धूमकेतूसारखा बाहेर पडला आणि इ. स. पूर्व १५०० च्या सुमारास पृथ्वीजवळून गेला, जगभरच्या प्रलयकथा त्याच्याच आठवणी, असा त्याचा सिद्धांत होता. पुस्तक अफाट खपले. पण बाबिलोनच्या अम्मिसादुका राजाच्या काळातल्या शुक्राच्या उदयास्ताच्या नोंदी मिळाल्या आहेत आणि तो काळ याच्याही आधीचा. शुक्र तेव्हा आकाशात होताच. १९७४ साली कार्ल सेगनने या सिद्धांताची जाहीर चिरफाड केली. मला विचाराल तर वेलिकोव्स्कीची खरी चूक खगोलाची कमी आणि ऐकण्याची जास्त. दहा देशांच्या कथांमधून त्याने आपल्याला हवा तेवढा तुकडा उचलला. ज्या लोकांची कथा, त्यांना ती कशासाठी सांगावीशी वाटली हे विचारलेच नाही. आजचे व्हिडिओही हेच करतात, फक्त संगीत जोडून.

आता लोणारच्या कथेचा एक भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, तो रक्ताचा. पाणी म्हणजे दैत्याचे रक्त, असे कथा म्हणते. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती काहींनी पाहिली असतील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. उन्हाळ्यात पाणी घटून खारटपणा वाढला आणि अतिखारट पाण्यातच वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी झाले, असे त्यांनी सांगितले. मग असे कोरडे उन्हाळे शेकडो वर्षांपूर्वीही आले असणार, नाही का? कोण्या गुराख्याने असाच लालसर झालेला तलाव पाहिला असेल आणि म्हणून कथेत नेमके रक्त आले असेल. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण तो ५ लाख वर्षांमागे धाव न घेता माणसाच्या आवाक्यात राहतो, म्हणून मला पटतो.

आणि बघण्याचे म्हणाल तर लोणारच्या लोकांनी त्या पाण्याकडे नुसते भक्तिभावानेच पाहिले असे नाही. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे. तिथल्या क्षारांपासून काच आणि साबण बनवण्याचे सामान मिळते, असे त्यात लिहिले आहे. एकाच तलावाच्या काठी दैत्याची कथा चालत होती आणि साबणाचा धंदाही. एकामुळे दुसऱ्याला कमीपणा आला नाही. ग्रहणाचेही तसेच. ग्रहण सावलीने लागते हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच लिहून ठेवले, तरी राहू-केतूची गोष्ट घराघरांत चालू राहिली. कथेला भूगोलाचे प्रमाणपत्र मिळाले तरच ती मोठी, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नव्हते. ती अट आपणच आता घालत आहोत.

जाता जाता मोठ्या मुलांसाठी एक माहिती. अशी आघाताची विवरे भारतात आणखीही आहेत. आपल्याच राज्यात शिवपुरी जिल्ह्यात ढाला इथे एक अतिप्राचीन, झिजून गेलेले विवर आहे. राजस्थानात बारां जिल्ह्यात रामगढचे विवर आहे, त्याच्या आत दहाव्या शतकातले शिवमंदिर उभे आहे. लोणारला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली.

आठवी ते दहावीसाठी घरचा अभ्यास

परातीत तीन बोटे जाडीचा मैद्याचा किंवा राखेचा थर करा, वरून थोडी हळद भुरभुरा. एकच गोटी वेगवेगळ्या उंचीवरून सोडा आणि प्रत्येक वेळी खड्ड्याची रुंदी पट्टीने मोजून वहीत तक्ता करा. काठ उचलला जातो का, खालचा पांढरा थर वर कसा येतो, ते चित्र काढून दाखवा. मैदा वापरला तर नंतर आईला विचारल्याशिवाय टाकू नये.

दुसरे काम घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर करायचे. आजी-आजोबांकडून आपल्या भागातली एक स्थळकथा ऐका. असीरगडचा अश्वत्थामा, सूर्यकन्या तापी, किंवा तुमच्या मूळ गावच्या एखाद्या डोंगराची वा कुंडाची चालेल. ती त्यांच्याच शब्दांत लिहा, आपल्या मनाने सुधारू नका. पानाच्या डाव्या बाजूला, ती जागा पाहून कोणालाही कळेल असे कथेत काय काय आहे ते लिहा. उजव्या बाजूला, जागा पाहून कळणार नाही असे काय आहे ते लिहा. उजवी बाजू रिकामी राहिली तरी गुण कापले जाणार नाहीत. ज्यांच्या उजव्या बाजूला काही निघेल त्यांनी वही वर्गशिक्षकांकडे न देता थेट माझ्याकडे आणावी.